देवकापसाचा बोळा

काचबिंदूच्या ऑपरेशननंतर नागपूरच्या दवाखान्यातून सोडताना सिस्टरने माझ्या हातात एक कागद दिला. डोळा लाल झाला, दुखला, चिकट पाणी आलं किंवा उजेड सहन होईनासा झाला तर त्याच दिवशी या, उद्या नाही, असं त्यावर लिहिलं होतं. ‘उद्या नाही’ या शब्दांखाली तिने पेनाने दोनदा रेघ ओढली. मी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डाच्या डब्यात ठेवला. वाचायची गरज नव्हती, पाठ झाला होता. तरीही वेळ आली तेव्हा मी एक दिवस घालवलाच.

डोळा सासूबाईंचा. उजवा आधीच गेला होता, आणि तो कधी गेला हे आम्हाला कळलंही नव्हतं. काचबिंदूत दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने दिसणं कमी होत जातं आणि समोरचं तेवढं शेवटपर्यंत राहतं, त्यामुळे माणसाला वाटतं आपल्याला दिसतंय. त्या उंबऱ्याला ठेचकाळायच्या, चौकटीला खांदा आपटायचा. आम्ही वयावर ढकललं. चहा कपाच्या बाहेर ओतायला लागल्या तेव्हा मी त्यांना नागपूरला नेलं. उजव्यात काही उरलं नव्हतं. डाव्यात होतं ते राखायचं तर ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाल्या.

गावातल्या बायका नंतर विचारायला यायच्या, “आता चांगलं दिसते ना वं?” त्यांच्या डोक्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन. पट्टी काढली की लख्ख. मी प्रत्येकीला सांगायची की हे ऑपरेशन जास्त दिसावं म्हणून नसतं, आहे ते जाऊ नये म्हणून असतं. डोळ्यातल्या पाण्याचा दाब वाढतो, ते निघून जायला वरच्या पापणीखाली बारीक वाट करतात. तिथे पाण्याची एक छोटी फोड तयार होते आणि ती जन्मभर तशीच राहावी लागते. बायकांना ते पटायचं नाही. इतक्या लांब जाऊन डोळा कापून घेतला आणि दिसणं वाढलं नाही, मग उपयोग काय?

मी मारेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात अंगणवाडी चालवते. हात कसे धुवायचे, पाणी किती वेळ उकळायचं, लेकराच्या डोळ्यात काय घालायचं नाही, हे मी वर्षानुवर्षं गावाला शिकवत आले. सासूबाईंच्या डोळ्यात काजळ नको, मध नको, तुळशीचं पाणी नको, हे मी पहिल्याच दिवशी बजावलं. थेंब मीच टाकायची, वेळेवर. डोळा पुसायला दवाखान्याने निर्जंतुक कापसाचं पाकीट दिलं होतं. ते तीन आठवड्यांत संपलं.

आता आमच्यासारख्या घरात कापूस विकत आणायचा ही कल्पनाच कोणाला सुचत नाही. दाराबाहेर कापूस, दाराच्या आत कापूस. पण मी स्वतःला हुशार समजायची. शेतातल्या कापसावर फवारणी झालेली, तो डोळ्याला लावायचा नाही हे मला कळत होतं. म्हणून मी देवकापूस काढला.

आमच्या अंगणात तुळशीपलीकडे देवकापसाचं झाड आहे. पुरुषभर उंच, वर्षानुवर्षं तिथेच. त्याच्यावर कधी औषध मारत नाहीत. त्याचा कापूस विकतही नाहीत. सासूबाई तो स्वतः वेचायच्या, सरकी काढायच्या आणि वाती, फुलवाती वळायच्या. तो कापूस एका झाकणाच्या डब्यात, देवाच्या कोनाड्यात. घरातली सगळ्यात स्वच्छ वस्तू कोणती, असं विचारलं असतं तर आम्ही सगळ्यांनी तोच डबा दाखवला असता.

सुरुवातीला मी त्याचे बोळे उकळून घ्यायची. पण घरचा कापूस पाणी पीत नाही. तेलकट असतो, पाण्यावर तरंगत राहतो आणि उकळला की गोळा होतो. महिन्याभराने मी म्हटलं, राहू द्या, कोमट पाण्यात बोट बुडवून बोळा ओला करून घ्या. त्यांना तर ते हवंच होतं. सकाळी आंघोळ झाली की देवापुढे एक वात आणि डोळ्याला एक बोळा, दोन्ही एकाच डब्यातून. फवारणीचं विष टाळलं म्हणजे सगळं टाळलं, असं मी धरून चालले. जंतू शिकवणारी मी, आणि बोळा वळणारी बोटं कशाकशाला लागून आली असतील हे माझ्या मनात आलं नाही.

ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं. ती कापसाची वाईट वर्षं होती. बाहेरून कोणी गाडी घेऊन आलं की एकच प्रश्न विचारायचं, कापसाचं कसं काय? त्या साली सरकारी खरेदी लांबत चालली होती आणि व्यापाऱ्याच्या भावात द्यायला आमचे हे तयार नव्हते. त्यामुळे बैठकीच्या खोलीत कापूस आढ्याला लागला होता. आम्ही कापसाच्या कडेने चालायचो, कापसाला टेकून जेवायचो. घरात साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. बारीक लाल पुरळ उठतं, नाक गळतं, डोळे चुरचुरतात. घरोघरी तेच चाललं होतं. अंगणवाडीतली लेकरं खाजवत बसलेली असायची.

मग एकदाची वणीला खरेदी सुरू झाल्याची बातमी आली आणि गाडी भरायची घाई उडाली. सासूबाई ढिगाजवळ बसून कवडी निवडत होत्या. कवडी म्हणजे पिवळा पडलेला, किडका कापूस. तो वेगळा काढला नाही तर सगळ्या मालाची प्रत खाली धरतात. एका डोळ्याने आणि बाकी बोटांनी त्या ती अशी काढायच्या की आम्हा दोन डोळेवाल्यांना जमत नसे.

गाडी भरायच्या दिवशी सकाळी मला त्यांचा डोळा लालसर दिसला.

“आई, डोळा लाल काहून दिसून राह्यला?”

“तुया नाई का लाल? आरशात पाह्य.”

मी आरशात पाहिलं. माझे दोन्ही लाल होते. यांचेही होते. मी म्हटलं, “चोळू नका. कोमट पाण्याने पुसा अन् ढिगापासून दूर बसा.” त्यांनी डबा उघडला, बोळा घेतला, पुसला. मी कामाला लागले. हा कापसाचाच डोळा, असं मी ठरवून टाकलं. पापणी वर करून पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं.

संध्याकाळी हे गाडी जुंपून वणीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आत गेले तर सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. दाराकडे पाठ. त्या नेहमी दाराकडे तोंड करून बसायच्या, उजेड जितका मिळेल तितका घ्यायला.

“अशा काहून बसल्या?”

“उजीड टोचते.”

मी चहा खाली ठेवला, साबणाने हात धुतले आणि त्यांना खिडकीशी आणलं. पापण्या चिकटल्या होत्या. उकळलेल्या पाण्याने सोडवल्या. “खाली पाहा,” म्हटलं आणि वरची पापणी उचलली. ती फोड मी अनेकदा पाहिली होती. शिजलेल्या साबुदाण्यासारखी असायची, पारदर्शक. आज ती कच्च्या साबुदाण्यासारखी पांढरी होती आणि भोवती सगळं लाल.

“चला,” मी म्हटलं. “नागपूर.”

“आज? त्याले कापूस देऊन येऊ दे. उद्या जाऊ.”

“उद्या नाई.”

“तू त मोठी डाक्टरीणच झाली!”

मी रेशन कार्डाचा डबा काढला, कागद घेतला, धुतलेला पंचा त्यांच्या डोक्यावरून डोळ्यापुढे ओढला आणि रस्त्यावर आले. वणीला जाणारी काळी-पिवळी जीप उभी होती. चालवणारे चाचा आमच्या ओळखीचे, वणीत त्यांचं गॅरेजही होतं. जीप भरलेली होती. पुढची सीट त्यांनी म्हातारीला द्यायला काढली.

“पुढे नको चाचा, धूळ येते. मधात बसवा. डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, त्यात बिघाड आला.”

“तो ऐसा बोलो ना, बाई.” त्यांनी मधल्या सीटवरचे दोघे उठवले आणि बाकीच्यांना म्हणाले, “काच बंद करा रे सगळ्या. गरमी झाली त होऊ द्या.”

वणीच्या अलीकडे जीप थांबली. बाजार समितीच्या फाटकापासून बैलगाड्यांची रांग रस्त्यावर पार मागे आली होती, आणि उरलेल्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक. पुढे काहीच सरकत नव्हतं. चाचा म्हणाले, “पायी निघा. इथं बसून राह्यल्या त तुमची बस जाईल.”

आम्ही गाड्यांच्या कडेने चाललो. मी त्यांचा दंड धरलेला, त्यांनी पंचा धरलेला. कोळशाची काळी धूळ आणि कापसाचे पांढरे तंतू एकाच हवेत उडत होते. मला ती हवा दिसत होती, एकेक कण त्या डोळ्याकडे निघालेला दिसत होता. अर्ध्या रांगेत आमची गाडी सापडली. हे जुवावर बसून बिडी ओढत होते. आम्हाला पाहून ताडकन उठले.

“काय झालं? माय इथी कशी?”

मी दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, “मी येतो. गाडी सोडून देतो.”

“सोडली त नंबर जाईल अन् कापूस पुन्हा घरात येईल. तुम्ही कापूस पाहा. डोया मी पाह्यतो.”

सासूबाई गाडीजवळ सरकल्या, हात पसरून कापसात घातला आणि चिमूटभर बाहेर काढला.

“ही कवडी कोणं ठेवली रे यात? भरताना पाह्यलं नाई?”

“माय, आता ते राहू दे ना.”

“राहू कायले देऊ? चार दिवस बसून निवडला म्या.”

चार दिवस. म्हणजे चार दिवस त्या ढिगाच्या धुळीत; मी ते ऐकलं आणि तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं. शेजारच्या गाडीवाल्याला बैलांकडे पाहायला सांगून हे आमच्यापुढे चालू लागले. दोन्ही हात आडवे करून ट्रक थांबवत, ड्रायव्हरांच्या शिव्या खात, त्यांनी आम्हाला स्टँडपर्यंत वाट करून दिली. बस निघाली तेव्हा ते परत रांगेकडे पळत होते.

नागपूरपर्यंतच्या प्रवासाबद्दल मला एवढंच आठवतं की मी त्यांच्या डोळ्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि दर पाच मिनिटांनी पाहत होते. वरोऱ्याला त्यांनी विचारलं, “बाहेर ढग आले का वं?” बाहेर कडक ऊन होतं. “हो, थोडे आले,” मी म्हटलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा बाहेरच्या रुग्णांची वेळ संपली होती. खिडकीतला माणूस सकाळी या म्हणाला. मी तो कागद काचेला लावला, रेघा मारलेली बाजू त्याच्याकडे करून. त्याने वाचलं, उठला आणि आत गेला. दहा मिनिटांत आम्ही डॉक्टरांपुढे होतो. ऑपरेशन याच डॉक्टरांनी केलं होतं. माझ्याहून वयाने लहान, बोलायला मोजक्या. मशीनवर हनुवटी ठेवायला लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“कधीपासून लाल आहे?”

‘आज सकाळपासून’ म्हणणं फार सोपं होतं. मी म्हटलं, “काल सकाळपासून. मला कापसाची अॅलर्जी वाटली.”

मशीनला हनुवटी टेकवूनच सासूबाई म्हणाल्या, “परवा सांजपासून. दिवा पाह्यला की कचकच करे.”

“मग सांगतलं काहून नाई?” माझा आवाज चढला.

“सांगतलं असतं त तू उठवून दिलं असतं. मंग कवडी कोणं निवडली असती?”

डॉक्टरांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग सांगितलं की फोडीत जंतुसंसर्ग झाला आहे. डोळ्याच्या पुढच्या भागात थोडा उतरला आहे, मागे अजून गेलेला दिसत नाही. मागे गेला तर डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, आणि त्यानंतर किती वाचेल हे सांगता येत नाही. “एकच डोळा आहे,” मी म्हटलं, त्यांना माहीत असूनही. “म्हणूनच दाखल करतेय,” त्या म्हणाल्या.

दर अर्ध्या तासाला थेंब, दोन प्रकारचे, मध्ये पाच मिनिटांचं अंतर. सिस्टर टाकायची आणि मी घड्याळ पाहायची. तिला एकदा तीन मिनिटं उशीर झाला तर मी दारात जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, “मावशी, तीन मिनिटांनी काही होत नाही.” मी तिला सांगितलं नाही की माझ्या हातून एक अख्खा दिवस गेला आहे, आता मिनिटं सोडायची माझी तयारी नाही.

रोज सकाळी डॉक्टर यायच्या, बोटं दाखवायच्या आणि किती ते विचारायच्या. पहिल्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, “दोन.” दुसऱ्या सकाळीही म्हणाल्या, “दोन.” बरोबर होतं. डॉक्टर मशीनवर पाहून गेल्या, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. थोड्या वेळाने मी तीन बोटं धरली.

“आई, किती?”

“दोन.”

मी एक बोट धरलं.

“दोन.”

डॉक्टर दोनच दाखवतात हे त्यांनी ताडलं होतं. मी हात खाली घेतला. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

“काय दिसते खरं सांगा.”

“हात आहे एवढं समजते. धुकं आहे.”

“मग दोन कायले सांगतलं?”

“नाई दिसत म्हटलं त सुई मारतीन डोयात.”

मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्या पुन्हा आल्या, पुन्हा तपासलं. पुढच्या भागातल्या संसर्गाच्या पेशी वाढल्या होत्या, म्हणून थेंबांपैकी एक बदलला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू म्हणाल्या. ते थांबणं मी कसं काढलं ते लिहिण्यासारखं नाही. मी त्यांची साडी धुतली, वाळत घातली, वाळायच्या आत दोनदा उलटली. त्यांनी पुढचे दिवस अंधारात काढायचे म्हटलं तर घरात काय काय हलवावं लागेल याचा हिशोब डोक्यात आपोआप चालू झाला. चूल कुठे, विहिरीची वाट कशी, दोरी कुठून कुठे बांधायची. असा विचार करायची मला लाज वाटत होती. थांबवताही येत नव्हता.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना देवकापसाचं सांगितलं. झाडापासून बोळ्यापर्यंत, काही न वगळता. त्या रागावतील असं वाटलं होतं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “त्यानेच झालं असं मी म्हणू शकत नाही. फोड पातळ असली की जंतू एरवीही शिरतात, ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही. पण बोळा बंद करा. साधा कापूस डोळ्याला नको.”

“म्हणजे बंद केला तरी पुन्हा होऊ शकतं?”

“होऊ शकतं. लवकर या, एवढंच तुमच्या हातात.”

कापूस दोषी ठरला असता तर मी डबा फेकून मोकळी झाले असते. माझा दोष घेऊन घरी गेले असते आणि निदान निवांत झोपले असते. हे त्याहून अवघड होतं.

तिसऱ्या सकाळी डॉक्टर यायच्या आधी मीच बोटं धरली. त्यांच्या डोळ्यापासून हातभर अंतरावर. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

“तीन,” त्या म्हणाल्या. मग पुढे झुकल्या. “अन् नखात मय हाये. साऱ्या गावाले हात धुवाले शिकवते.”

मी हात पाहिला. नखात खरंच मळ होता. मी नळावर गेले, हात धुतले आणि तिथेच थोडा वेळ उभी राहिले.

इंजेक्शनची वेळ आली नाही. पुढे आठवडाभर ठेवून घेतलं. दिसणं पहिल्यापेक्षा थोडं कमी झालं ते झालंच, ते परत आलं नाही. कवडी आता त्यांना फक्त बोटांनी काढावी लागते. घरी आलो तेव्हा बैठकीची खोली रिकामी होती आणि आवाज घुमत होता. ह्यांनी कापूस दिला होता, खोली झाडून, सारवून घेतली होती. आईला पाहून त्यांनी खाट दारासमोर आणून टाकली.

देवकापसाचं झाड काढून टाकू, असं मी एकदा म्हटलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं नाही. झाड आहे. डबाही कोनाड्यातच आहे, पण त्यात आता फक्त वाती. डोळ्यासाठी दुकानातलं पाकीट येतं आणि ते माझ्या ताब्यात असतं.

ही सगळी गोष्ट झाली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून मी रोज सकाळी, चुलीवर चहा ठेवायच्या आधी, साबणाने हात धुते, नखं पाहते आणि त्यांना खिडकीशी बसवते. “खाली पाहा.” पापणी उचलते. शिजलेला साबुदाणा की कच्चा, एवढंच पाहायचं असतं.

“रोज रोज काय पाह्यते वं? एवढं दर्शन त देवालेही देत नाई मी.”

“हलू नका.”

मग मी बोटं धरते. दोन कधीच धरत नाही.